शंभर स्वॅब, चार शेड आणि टक्का नेमका कशाचा?

प्रश्न असा आहे: एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीचं शेवटचं वर्ष. साक्री आणि नवापूर तालुक्यांतल्या चार ब्रॉयलर शेडमधून प्रत्येकी २५ क्लोएकल स्वॅब (कोंबडीच्या गुदद्वारातून काडीने घेतलेले नमुने) घेऊन ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूमधला अँटिबायोटिक रेझिस्टन्स (औषधाला दाद न देणं) मोजायचा आहे. आधी थोडं करून पाहिलं, तर सेफोटॅक्झिम हे अँटिबायोटिक घातलेल्या मॅकॉन्की आगरच्या प्लेटवरच्या सगळ्याच कॉलन्या रेझिस्टंट निघाल्या आणि साध्या मॅकॉन्कीवरच्या जेमतेम एखाद-दुसरी. खरा टक्का कोणता धरायचा? कोलिस्टिन या अँटिबायोटिकची डिस्क (औषध मुरवलेली कागदी चकती) लावली तर चालेल का? बारा डिस्क पुरतील का? आणि शेडवाले निकाल मागतात, त्यांना काय सांगायचं?

दोन्ही टक्के खरे आहेत. दोन प्लेटांना तुम्ही दोन निराळे प्रश्न विचारलेत, म्हणून उत्तरं निराळी आली.

सेफोटॅक्झिमच्या प्लेटवर जे वाढतं ते सेफोटॅक्झिम सोसणारंच असतं. तिथून कॉलनी उचलून तिच्यावर पुन्हा सेफोटॅक्झिमची डिस्क लावायची आणि ‘१०० टक्के रेझिस्टंट’ लिहायचं, म्हणजे अकरावीच्या वर्गात जाऊन दहावी किती जण पास झाले हे मोजण्यासारखं आहे. तरीही असे प्रबंध दरवर्षी जमा होतात, आणि त्यातले काही छापूनही येतात.

आकडे घेऊन पाहू. समजा एका कोंबडीच्या विष्ठेत साध्या मॅकॉन्कीवर ग्रॅममागे २ कोटी ई. कोलाय निघाले आणि त्याच नमुन्यातून सेफोटॅक्झिमच्या प्लेटवर २ लाख. म्हणजे त्या कोंबडीच्या आतड्यातल्या ई. कोलायपैकी १ टक्का सेफोटॅक्झिमला दाद देत नाही. साध्या प्लेटवरून एक कॉलनी सहज उचललीत तर शंभरात नव्व्याण्णव वेळा ती संवेदनशीलच निघणार. आता अशी स्थिती २५ पैकी २० कोंबड्यांत असेल, तर ‘रेझिस्टंट ई. कोलाय बाळगणाऱ्या कोंबड्या’ ८० टक्के झाल्या, ‘आतड्यातला रेझिस्टंट हिस्सा’ सुमारे १ टक्का झाला, आणि ‘सहज उचललेल्या कॉलन्यांतल्या रेझिस्टंट’ शून्य किंवा एखादी. शेड तेच, दिवस तोच, आणि आकडे ८०, १ आणि ०. यातला कुठलाही एक आकडा ‘खानदेशातल्या कोंबड्यांमधला रेझिस्टन्स’ या शीर्षकाखाली छापता येतो, आणि वाचणाऱ्याला तो कशाचा टक्का आहे हे कळायला मार्ग नसतो.

म्हणून माझा सल्ला: दोन्ही प्लेटा एकाच पातळ केलेल्या द्रवातून लावा आणि दोन्ही मोजा. स्वॅबवर नेमकी किती विष्ठा आली हे तुम्हाला माहीत नसतं. पण साधी प्लेट आणि सेफोटॅक्झिमची प्लेट यांचं गुणोत्तर काढायला वजन लागतच नाही, कारण दोन्हीकडे तोच द्रव गेलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये जी ‘ट्रायसायकल’ पद्धत दिली, ती माणूस, कोंबडी आणि सांडपाणी या तिन्हींमधला ईएसबीएल (सेफोटॅक्झिमसारखी औषधं तोडणारं विकर बनवणारा) ई. कोलाय याच तत्त्वावर मोजते: एक प्लेट औषधाशिवाय, एक औषधासह. तिथे सेफोटॅक्झिम लिटरला ४ मिग्रॅ असतं, युरोपातल्या पशु-निरीक्षणात १ मिग्रॅ. तुम्ही कोणतंही घ्या, पण एकच घ्या आणि लिहा. सेफोटॅक्झिम प्लेटमध्ये टिकत नाही, तेव्हा प्लेटा ताज्या ओता. प्रत्येक ओतणीबरोबर एटीसीसी २५९२२ हा ताडून पाहण्यासाठीचा संवेदनशील ई. कोलाय लावा, तो तिथे वाढता कामा नये. ओळखीचा एखादा ईएसबीएल स्ट्रेनही लावा, तो वाढलाच पाहिजे. दोघांपैकी एकानेही शिस्त मोडली तर त्या दिवसाची गिनती टाकून द्या.

डिस्कसाठीच्या कॉलन्या मात्र साध्या प्लेटवरूनच उचला, आणि त्या कशा उचलायच्या हे आधी ठरवून ठेवा. प्लेटच्या मागे मार्करने एक ठिपका काढायचा आणि त्याच्या सर्वांत जवळची गुलाबी कॉलनी घ्यायची, एवढं साधं पुरतं. मोठी, गोल, ‘छान दिसणारी’ कॉलनी निवडायला हात आपोआप जातो. सेफोटॅक्झिमच्या प्लेटवरच्या कॉलन्यांचीही डिस्क-चाचणी करायची असेल तर करा, त्यातून या ईएसबीएलवाल्यांनी आणखी कोणकोणत्या औषधांना तोंड दिलंय ते कळतं. पण त्यांचा तक्ता वेगळा ठेवा. दोन्ही ढीग एकत्र केलेत की पुन्हा वेगळे करता येत नाहीत.

आता चार शेड आणि शंभर स्वॅबकडे येतो, कारण माझ्या मते तुमच्या आराखड्यातली खरी अडचण इथे आहे, प्लेटमध्ये नाही.

एका शेडमधल्या पाच हजार कोंबड्या एकाच हॅचरीतून, एकाच गाडीतून, एकाच दिवशी आलेल्या असतात. एकच खाद्य खातात, एकाच टाकीचं पाणी पितात, एकाच तुसावर एकमेकींची विष्ठा तुडवतात. त्यातल्या २५ जणींना विचारलंत तरी उत्तर बहुतेक एकच मिळतं. संख्याशास्त्रात याला डिझाइन इफेक्ट म्हणतात: १ अधिक (शेडमागे नमुने वजा १) गुणिले शेडअंतर्गत सहसंबंध. हा सहसंबंध समजा ०.३ धरला, तर २५ नमुन्यांना हा गुणक ८.२ येतो, आणि तुमच्या १०० स्वॅबांचं वजन जेमतेम १२ स्वतंत्र नमुन्यांइतकं उरतं. तेच १०० स्वॅब २० शेडमधून ५-५ घेतलेत तर गुणक २.२, आणि हाती ४५ नमुन्यांची माहिती. प्लेटा, डिस्क, मीडिया यांचा खर्च दोन्हीकडे तोच. वाढतो तो मोटारसायकलचा पेट्रोलखर्च आणि लोकांची मनधरणी. मी असतो तर कोंबड्या कमी करून शेड वाढवले असते, आणि त्यातही वेगवेगळ्या कंपन्यांचे शेड घेतले असते. चारही शेड एकाच कंपनीच्या कंत्राटावर असतील तर तुम्ही तालुका मोजत नाही, त्या कंपनीची हॅचरी आणि तिची औषधांची यादी मोजता.

हॅचरीचा मुद्दा मी उगीच आणलेला नाही. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात अंड्यातच सेफ्टिओफर (सेफोटॅक्झिमच्याच गटातलं जनावरांचं औषध) टोचण्याची पद्धत होती. तिथल्या हॅचऱ्यांनी २००५ मध्ये ती स्वतःहून थांबवली, आणि सेफ्टिओफरला न जुमानणारा साल्मोनेला हायडलबर्ग हा जिवाणू कोंबडीच्या मांसातही घटला आणि माणसांतही. २००७ मध्ये काही प्रमाणात पुन्हा टोचणं सुरू झालं, तसा रेझिस्टन्सही परत चढू लागला. शेडवाल्याने त्यात काहीच केलेलं नव्हतं, पिल्लू येतानाच ते घेऊन आलं होतं. म्हणून जमलं तर पिल्लं उतरवतात त्या दिवशी खोक्यातला कागद घ्या. पिल्लांची पहिली विष्ठा त्यावर असते, कुणाला हात लावावा लागत नाही, आणि खोके रिकामे झाल्यावर तो कागद कुणालाच नको असतो. लिफ्टिंगच्या (तयार कोंबड्या उचलून नेण्याच्या) आदल्या दिवशीचा स्वॅब आणि हा कागद अशी जोडी जुळली, तर शेडमध्ये काय आलं आणि शेडमध्ये काय वाढलं हे वेगळं सांगता येतं. चाळीस दिवसांच्या बॅचमध्ये दोनदाच जायचं आहे.

नवापूर घेतलंय तर आणखी एक गोष्ट. तिथल्या रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. पिल्लं, खाद्य, औषधं आणि तयार कोंबड्या या हद्दीच्या दोन्ही बाजूंनी ये-जा करतात. ‘नंदुरबार जिल्ह्यातली कोंबडी’ असं लिहिताना शेड नंदुरबारात आहे एवढंच खरं असतं. चिकनच्या दुकानातून सीकम (कोंबडीच्या आतड्याचा पिशवीसारखा भाग) गोळा करायचं म्हणाल, तर काम सोपं होतं आणि जिवंत पक्ष्याला हात लावावा लागत नाही, पण कोंबडी कुठली हे दुकानदारालाही धड सांगता येत नाही. तो नमुना ‘गिऱ्हाइकाच्या पिशवीत काय जातं’ या प्रश्नाला चांगला, ‘शेडमध्ये काय चाललंय’ याला नाही.

शेडवर जाताना हेही लक्षात असू द्या, की २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू नवापुरात सापडला आणि २०२१ च्या फेब्रुवारीत तो पुन्हा तिथेच आला. दोन्ही वेळा कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. त्या पट्ट्यात कुणी हातमोजे घालून नळ्या घेऊन फाटकाशी उभा राहिला, की माणसांच्या पोटात गोळा येतो. आधी फोन करा, ओळखीच्या पशुवैद्यकांना बरोबर न्या, आणि स्वॅब घेण्याआधीच सांगा की शेडचं नाव कुठेही येणार नाही. कंत्राटी शेडमध्ये पिल्लं कंपनीची असतात, त्यामुळे सुपरवायझरची परवानगीही लागते. शेडवाला हो म्हणाला आणि सुपरवायझरला नंतर कळलं, तर त्याचा फटका शेडवाल्याला बसतो, तुम्हाला नाही. जिवंत पक्ष्यांचे स्वॅब घ्यायचे तर कॉलेजच्या प्राणी नैतिकता समितीची मान्यताही आधी घ्या. एका दिवशी एकच शेड करा, किंवा दुसऱ्यात जायच्या आधी बूट-कपडे बदला. आणि कुठे अचानक खूप मरतूक दिसली तर स्वॅब विसरा, पशुसंवर्धन खात्याला कळवा.

औषधांची नोंद घेताना ‘कोणतं अँटिबायोटिक देता?’ असं विचारू नका. ‘काहीच नाही’ किंवा ‘व्हिटॅमिन’ असं उत्तर येतं, आणि बऱ्याचदा ते प्रामाणिकही असतं, कारण बाटलीवरचं नाव ब्रँडचं असतं. स्टोअररूममधल्या रिकाम्या बाटल्या आणि पाकिटं पाहू द्या म्हणा, त्यावरची घटकद्रव्यं उतरवून घ्या. एन्रोफ्लॉक्सॅसिन, डॉक्सिसायक्लिन, निओमायसिन, टायलोसिन, सल्फा-ट्रायमेथोप्रिम ही नावं तिथे सापडतात. खाद्याच्या गोणीवरचं लेबलही वाचा, नुसतं ‘ग्रोथ प्रमोटर’ लिहून सोडू नका. आपल्याकडची एक खास बाब: पाण्यातून दिलेल्या औषधाची मात्रा कोंबडी किती पाणी पिते त्यावर ठरते, आणि पारा पंचेचाळीसकडे गेला की ती कितीतरी जास्त पाणी पिते. लिटरला तेवढंच औषध टाकलं तरी मे महिन्यातली बॅच आणि डिसेंबरमधली बॅच यांच्या पोटात गेलेलं औषध सारखं नसतं. म्हणून रोजचं पाणी किती लागलं तेही लिहून घ्या. बहुतेक शेडमध्ये टाकीची मापं असतात. तूस पूर्ण बदललं की जुन्यावरच नवं टाकलं, हेही विचारा.

नमुना नेण्याचं थोडक्यात सांगतो. केरी-ब्लेअर या नमुना नेण्याच्या माध्यमात स्वॅब, थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या थैल्या, स्वॅब बर्फाला थेट टेकणार नाही अशी मध्ये पुठ्ठ्याची घडी, आणि २४ तासांच्या आत प्लेटवर. नवापूरहून ताप्ती लाइनच्या गाडीने नंदुरबार, अमळनेर करत जळगावला येताना पेटी सीटखाली ठेवा, खिडकीत नको. स्वॅब गरम झाला तर त्यात जिवाणू वाढू लागतात, आणि सगळे सारख्या वेगाने वाढत नाहीत. मग वर सांगितलेलं गुणोत्तर वाटेतच बदलतं, आणि ते बदललं हे प्लेट पाहून कुणालाही कळत नाही. पेटीत एक साधा थर्मामीटर टाका, निघताना आणि पोहोचल्यावर वाचा.

गुलाबी कॉलनी म्हणजे ई. कोलाय नव्हे, क्लेब्सिएलाही गुलाबीच येतो. ईएमबी आगरवर हिरवी धातूची झळाळी, इंडोल चाचणी पॉझिटिव्ह, सिट्रेट चाचणी निगेटिव्ह एवढं तरी करा.

आता डिस्क. किर्बी-बाउअर पद्धत (जिवाणू पसरलेल्या आगरवर डिस्क ठेवून तिच्याभोवतीचं वाढ न झालेलं वलय मोजायचं) दिसायला सोपी आहे, म्हणूनच ती सगळ्यात जास्त बिघडवली जाते. म्युलर-हिंटन आगरची जाडी ४ मिमी हवी. ९० मिमीच्या प्लेटला २५ मिलि लागतं, आणि ते सपाट ओट्यावर ओतावं लागतं. आगर जाड झालं की औषध खोलात जातं आणि वलय लहान दिसतं, पातळ झालं की मोठं. पैसे वाचवायला १५ मिलि ओतणाऱ्या प्रयोगशाळांमधले जिवाणू नेहमीच जरा जास्त संवेदनशील असतात. जिवाणूंच्या द्रवाची गढूळता ०.५ मॅकफार्लंड हवी, म्हणजे मिलिला साधारण १० ते २० कोटी जिवाणू. नुसत्या डोळ्यांनी अंदाज करू नका, मानक नळी शेजारी धरून काळ्या रेघांच्या कागदावर ताडून पाहा. द्रव केल्यापासून १५ मिनिटांत पसरवायचा, पसरवल्यापासून १५ मिनिटांत डिस्क ठेवायच्या, आणि पुढच्या १५ मिनिटांत प्लेट इन्क्युबेटरमध्ये. ३५ अंशांना १६ ते १८ तास. लाइट जाण्याच्या वेळा बघून काम सुरू करा. इन्क्युबेटर रात्री चार तास बंद पडला तर सकाळी वाढ पातळ येते आणि वलयं फुगलेली दिसतात.

डिस्कची कुपी फ्रीजमधून काढल्याबरोबर उघडू नका. थंड कुपीत बाहेरची दमट हवा शिरली की आत दव धरतं आणि पेनिसिलिन-सेफॅलोस्पोरिन गटाच्या डिस्क बघता बघता नासतात. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग झाकण काढा. पावसाळ्यात तर हे कटाक्षाने पाळा. डिस्क शाबूत आहेत का हे एटीसीसी २५९२२ सांगतो: टेट्रासायक्लिनला त्याचं वलय १८ ते २५ मिमी आलं पाहिजे, जेंटामायसिनला १९ ते २६. त्याबाहेर गेलं तर त्या दिवशीचा एकही आकडा वहीत चढवू नका.

बारा डिस्क ९० मिमीच्या एका प्लेटवर बसत नाहीत. पाच, फार तर सहा. वलयं एकमेकांत घुसली की मोजणार काय? तुम्ही दोन प्लेटा करा, पण त्याआधी यादी गाळा. पोल्ट्रीतल्या ई. कोलायसाठी मी टेट्रासायक्लिन, अँपिसिलिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, नॅलिडिक्सिक अ‍ॅसिड, जेंटामायसिन, ट्रायमेथोप्रिम-सल्फा, सेफोटॅक्झिम, सेफ्टाझिडिम, सेफॉक्सिटिन आणि मेरोपेनेम घेईन. मेरोपेनेम कोंबड्यांना कुणी देत नाही, तरी घ्यायचं. ते रेझिस्टंट निघालं तर त्याचा उगम शेडबाहेर शोधावा लागतो, आणि ती बातमी मोठी असते. नॅलिडिक्सिक अ‍ॅसिड जुनं औषध आहे, पण क्विनोलोनविरुद्धची पहिली पायरी त्यातून दिसते: एकच म्युटेशन झालेला जिवाणू नॅलिडिक्सिकला पार निबर होतो, पण सिप्रोच्या तक्त्यात अजून ‘संवेदनशील’ खान्यात बसलेला असतो. एन्रोफ्लॉक्सॅसिनचा कोंबडीच्या शरीरात काही अंशी सिप्रोच बनतो. कॅम्पिलोबॅक्टरमधल्या याच रेझिस्टन्समुळे अमेरिकेने २००५ मध्ये पोल्ट्रीतलं एन्रोफ्लॉक्सॅसिन बंद केलं.

ई. कोलायवर व्हँकोमायसिन, पेनिसिलिन-जी, लिनेझोलिड, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन लावू नका. ई. कोलाय यांना जन्मतःच दाद देत नाही, त्यात कोंबडीचा, शेडवाल्याचा, कुणाचाच दोष नाही. तयार मिळणाऱ्या डिस्कच्या रिंगांमध्ये ही औषधं असतात, म्हणून ती लावली जातात आणि ‘व्हँकोमायसिनला १०० टक्के रेझिस्टन्स’ अशी ओळ सारांशात येते. परीक्षकाने सूक्ष्मजीवशास्त्र वाचलेलं असेल तर तो तिथेच पुस्तक मिटतो. याच घोटाळ्यातून एमएआर इंडेक्सही फुगतो. रेझिस्टंट औषधं भागिले तपासलेली औषधं, आणि उत्तर ०.२ च्या वर गेलं की ‘धोकादायक स्रोत’, ही १९८३ पासूनची रीत आहे. यादीत कोणती औषधं घालायची हे तुमच्या हातात, म्हणजे इंडेक्सही तुमच्या हातात. मार्गदर्शकांना हवाच असेल तर परिशिष्टात द्या. त्यापेक्षा तीन किंवा अधिक गटांतल्या निदान एकेका औषधाला न जुमानणारे किती, हे सांगा. मल्टिड्रग रेझिस्टंटची २०१२ पासूनची सर्वमान्य व्याख्या तीच आहे.

वलय मिमीमध्येच वहीत लिहा. एस-आय-आर (संवेदनशील, मधला, रेझिस्टंट) ही अक्षरं नंतर, संगणकावर. कारण सीमारेषा बदलत राहतात. सीएलएसआय या अमेरिकी मानक-संस्थेच्या जुन्या तक्त्यात सिप्रोचं वलय २१ मिमी किंवा जास्त असलं की संवेदनशील, १५ किंवा कमी असलं की रेझिस्टंट. २०१९ पासून संवेदनशीलसाठी २६ लागतं, आणि २१ किंवा कमी म्हणजे रेझिस्टंट. २१ मिमीचा तोच जिवाणू २०१५ च्या प्रबंधात संवेदनशील आहे आणि तुमच्यात रेझिस्टंट. मग ‘दहा वर्षांत सिप्रो रेझिस्टन्स दुप्पट झाला’ असा निष्कर्ष काढायला किती वेळ लागतो? जुन्या प्रबंधात मिमी दिले असतील तर ते नव्या तक्त्याने पुन्हा वाचा. नसतील तर तुलना करू नका. शिवाय या सीमारेषा मुळात रुग्णाला औषध लागू पडेल का यासाठी आखलेल्या आहेत. जिवाणू त्याच्या जंगली भाऊबंदांपेक्षा बदललाय का हे पाहायचं तर युकास्ट या युरोपीय समितीची एकॉफ ही वेगळी रेघ आहे: ई. कोलाय आणि सिप्रोसाठी ती लिटरला ०.०६४ मिग्रॅ, तर रुग्णासाठीची रेझिस्टंटची रेघ ०.५ च्या वर. निरीक्षणासाठी पहिली रेघ उपयोगी, पण तिला एमआयसी (जिवाणूची वाढ थांबवणारी औषधाची किमान मात्रा) काढावा लागतो. सगळ्या नमुन्यांचा जमणार नाही, निवडक वीस-पंचवीसांचा जमेल.

कोलिस्टिनच्या डिस्कचं उत्तर नाही असंच आहे. रेणू मोठा, आगरमध्ये सरकतच नाही. संवेदनशील आणि रेझिस्टंट यांच्या वलयांत एखाद-दोन मिमीचा फरक पडतो, तो वाचण्याच्या चुकीइतकाच आहे. ब्रॉथ मायक्रोडायल्युशन (द्रव माध्यमाच्या छोट्या खळग्यांत औषधाच्या वाढत्या मात्रा लावून पाहणं) करा, आणि पावडर कोलिस्टिन सल्फेटचीच आणा. इंजेक्शनच्या कुपीतलं कोलिस्टिमिथेट आणलंत तर ते शरीरात गेल्यावर सक्रिय होणारं रूप आहे, नळीत त्याचे आकडे वाटेल तसे येतात. प्लेटा साध्या पॉलिस्टायरिनच्या, ब्रॉथ कॅटायन-अ‍ॅडजस्टेड, आणि ट्वीन ८० घालायचं नाही. हे परवडत नसेल तर सीएलएसआयने मान्य केलेला स्वस्त मार्ग आहे: त्याच ब्रॉथच्या १०-१० मिलिच्या चार नळ्या, त्यांत १० मायक्रोग्रॅमच्या अनुक्रमे ०, १, २ आणि ४ कोलिस्टिन डिस्क टाकायच्या, औषध ब्रॉथमध्ये उतरू द्यायचं, मग जिवाणू घालायचा. मिलिला ०, १, २ आणि ४ मायक्रोग्रॅम आपोआप तयार. तुमच्या कॉलेजात हे नक्की होईल. एटीसीसी २५९२२ बरोबर एमसीआर-१ हे कोलिस्टिन-रेझिस्टन्सचं जनुक असलेला एनसीटीसी १३८४६ हा स्ट्रेन मिळाला तर तोही लावा, त्याचा एमआयसी ४ च्या आसपास यायला हवा. आणि निकाल पॉझिटिव्ह आला तर आधी तो प्रोटियस नाही ना हे पाहा, तो जात्याच कोलिस्टिनला जुमानत नाही.

कोलिस्टिन अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत, पोल्ट्रीत आणि खाद्यात वापरायला केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली. चीनमधून एमसीआर-१ ची बातमी २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये आली होती, त्यानंतर हे अपेक्षितच होतं. तुमच्या नमुन्यांत एकही सापडला नाही तर ‘कोलिस्टिन रेझिस्टन्स नाही’ असं मात्र लिहू नका. ३० स्वतंत्र नमुन्यांत शून्य सापडलं, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की प्रमाण १० टक्क्यांपेक्षा कमी आहे. ३ भागिले नमुन्यांची संख्या, एवढं लक्षात ठेवा. आणि इथेही शेड मोजा, स्वॅब नव्हे.

पीसीआर करायचा असेल तर डिस्कच्या निकालानंतर, आणि उत्तर शोधायला करा, तक्ता सजवायला नको. सीटीएक्स-एम (ईएसबीएलचं) आणि एमसीआर-१ एवढी दोन जनुकं पुरेत. मेटाजिनोमिक्सचा (नमुन्यातला सगळा डीएनए एकदम वाचण्याचा) मोह मार्गदर्शकांना होईल. ते जनुकं आहेत म्हणून सांगतं, ती कोणत्या जिवंत जिवाणूत आहेत आणि तो जिवाणू औषधात तगतो का हे सांगत नाही. कॅम्पिलोबॅक्टरच्या वाटेला या वर्षी जाऊ नका, कमी ऑक्सिजनचे जार आणि ४२ अंशांचा इन्क्युबेटर यातच सेमिस्टर संपेल. एंटरोकोकस मात्र वेळ उरला तर जरूर घ्या, फक्त त्याच्यावर सेफॅलोस्पोरिनच्या डिस्क लावू नका, तो त्यांना मुळातच जुमानत नाही.

राहिला शेडवाल्यांचा प्रश्न. त्यांच्या मनात दोन गोष्टी एकत्र झालेल्या असतात: मांसात उरलेलं औषध आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू. औषध थांबवून ठरलेले दिवस पाळले की पहिलं उतरतं. दुसरं तसं उतरत नाही. ते विष्ठेतून तुसात आणि तुसातून केळीच्या, कापसाच्या शेतात जातं. तुमचा अभ्यास दुसऱ्याचा आहे, तुमच्या निकालावरून मांस खाण्यालायक आहे की नाही हे ठरत नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगा, नाहीतर गावात भलतंच पसरेल. त्याला उपयोगाची गोष्ट वेगळीच आहे. टेट्रासायक्लिन किंवा एन्रोफ्लॉक्सॅसिन त्याच्या शेडमधल्या बहुतेक ई. कोलायवर चालतच नसेल, तर तो त्या बाटल्यांवर पैसे वाया घालवतोय. अर्थात आतड्यातला रहिवासी ई. कोलाय आणि आजार करणारा ई. कोलाय एकच असेल असं नाही, म्हणून उपचार कोणता करायचा हे पशुवैद्यकांनीच मेलेल्या पक्ष्याच्या नमुन्यावरून ठरवायचं. एका पानावर, मराठीत, त्याच्याच शेडचा निकाल द्या: किती कोंबड्या तपासल्या, कोणत्या औषधाला किती कॉलन्यांनी दाद दिली नाही, आणि खाली पशुवैद्यकांना दाखवा अशी ओळ. इतर शेडची तुलना त्या पानावर नको. चार गावांत कुणाचा शेड कुठला हे सगळ्यांना माहीत असतं, ‘शेड क’ लिहून काही लपत नाही.

स्ट्रेन २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० ला ठेवा, कॉलेजात तसा फ्रीझर नसेल तर जळगावला विद्यापीठात विचारा. प्लेटा १२१ अंशांना ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नका.